एक पायरी खाली

देवस्थळी काका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा 'काय, कसं काय' वगैरे काही न विचारता त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि आमचा जिना मोजला. माझी बायको मुग्धा पोह्यांची बशी घेऊन उभीच. काका एकेक पायरी मोजत वर गेले, खाली आले, मोजपट्टी खटकन मिटली आणि म्हणाले, "चढायला ठीक आहे. उतरताना बोलू." मग पोहे खाल्ले, दोनदा मागून.

इंग्लंडात मेडनहेडला येऊन आम्हाला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. काका तीन घरं सोडून राहतात. कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलमध्ये नवी घरं तपासण्यात त्यांनी उभा जन्म घालवला, आणि घरातही त्यांचा जीव जिन्यात. काका रिटायर झाले, पण मोजपट्टी काही रिटायर झाली नाही. माणसांची पारखही ते तिथूनच करतात. "तो डेंटिस्ट हुशार आहे रे, पण त्याच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला." मला प्रमोशन मिळालं म्हणून पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, "छान. उतरताना बोलू." चढणारा माणूस नेहमी खुशीत असतो, खरी परीक्षा उतरताना, हे त्यांचं तत्त्वज्ञान. पेढे मिळूनही माणूस असं बोलतो म्हटल्यावर मी पुढच्या प्रमोशनची बातमी व्हॉट्सॲपवरच कळवायची ठरवली.

गंमत म्हणजे जिन्यांवर एवढा जीव टाकणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात वरच्या मजल्याचे पडदे कायम ओढलेले. पलंग खाली, पुढच्याच खोलीत. गुडघे दुखत असतील असं आम्ही धरून चाललो. काकी आम्ही यायच्या आधीच गेल्या होत्या आणि खुद्द काकांना विचारायची आमची छाती नव्हती.

त्यांचं दुसरं वेड थायलंड. दर जानेवारीत बँकॉकला जायचं, त्याच हॉटेलातल्या त्याच खोलीत उतरायचं, आणि तिथून जुन्या पडक्या नगरांच्या डे ट्रिप करायच्या. मुक्काम नाही. "अवशेष दिवसा बघायचे आणि संध्याकाळी आपल्या पलंगावर यायचं," हा नियम. कोणी म्हणालं, काका, एक रात्र तिथे राहिलात तर निवांत बघून होईल, तर ते मोजपट्टीशी चाळा करत बसायचे.

यात आम्ही सापडलो ते आईमुळे. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि दुसऱ्याच महिन्यात आमच्या जिन्यावरून घसरली. शेवटच्या दोनच पायऱ्या. हाड एकही मोडलं नाही, धीर मात्र पार मोडला. ती वर यायचीच बंद झाली. झोप खाली सोफ्यावर, आंघोळ खालच्या टॉयलेटमध्ये बादली ठेवून. एके दिवशी भाजी निवडता निवडता तिने जाहीर केलं, "आता पुण्याला गेले की मी काही परत यायची नाही. तुम्हीच येत जा सुट्टीला." वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिचं म्हणणं खरं होतं, आणि तेच मला रात्रंदिवस टोचत होतं.

काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी आमचा जिना पुन्हा मोजला. मग आईसमोर बसले. "ताई, नाहीतरी परत जाताय ना? मग व्हाया बँकॉक चला. दोन डे ट्रिप. तुम्हाला चढायचं काही नाही, झाडाखाली खुर्ची मिळते."

"मला पडक्या भिंती बघून काय करायचंय?" आई म्हणाली.

"अयोध्या आहे ती. नाव तेच, फक्त तिकडचं अयुथया."

अयोध्या म्हटल्यावर आई विरघळली. काशी राहिली होती तिची, अयोध्या तरी होईल असा हिशेब असावा.

जानेवारीत आम्ही चौघं बँकॉकला पोचलो. पहिली डे ट्रिप साफ फसली. ट्रेन दीड तास लेट, आणि पोचलो तर ज्याच्यासाठी गेलो ते देऊळ तळापासून कळसापर्यंत परांचीने, म्हणजे दुरुस्तीसाठी बांधलेल्या बांबूंनी वेढलेलं. आम्ही हिरमुसलो. काका मात्र प्रसाद मिळाल्यासारखे खूश. तासभर ते परांचीच तपासत फिरले आणि मुकादमाला खुणांनी दोन सूचनाही केल्या. येताना गाडीत म्हणाले, "आज उतार होता. उद्या चढ."

दुसऱ्या दिवशी अयुथया. थर्ड क्लासच्या उघड्या खिडक्या, डोक्यावर पंखा आणि आईच्या थर्मासमधला चहा. तिथे एका झाडाच्या मुळांनी बुद्धाचं दगडी मस्तक असं कवेत घेतलंय की बघत राहावं. बाजूला पाटी: फोटो काढायचा तर खाली बसा, तुमचं डोकं बुद्धाच्या डोक्याहून वर जाता कामा नये. हा नियम आईला फार आवडला. "आपल्याकडे नाही हो एवढी रीत," म्हणत ती बाकावरूनच हात जोडून राहिली. काका फोटोसाठी झोकात खाली बसले. फोटो झाला, पण काका उठेनात. मी एक हात धरला, मुग्धाने दुसरा, शेवटी उभं राहणाऱ्यांवर शिट्टी वाजवणारा पहारेकरीच शिट्टी खिशात घालून मदतीला आला. उभे राहून कपडे झटकत काका म्हणाले, "उतार बरोबर होता. चढ चुकला." आई पदर तोंडाला लावून हसली. ती पडल्यापासून असं हसलेली मी पाहिली नव्हती.

भर दुपारी आम्ही मक्याच्या कणसासारख्या दिसणाऱ्या एका उंच मनोऱ्यापाशी आलो. समोर उभा, विटांचा जिना. वर अंधारा गाभारा. काकांनी आईसाठी सावलीतली जागा हेरली आणि खुर्ची शोधायला गेले. तेवढ्यात आई म्हणाली, "निदान पहिल्या पायरीला डोकं टेकते." आणि देऊळ म्हटल्यावर करायचं ते तिने केलं. चपला काढल्या.

तिथे कोणी चपला काढत नाही. सगळं जग बूट घालून चढत होतं, कारण दुपारच्या उन्हात त्या विटांचा तवा झालेला. आईने नमस्कार केला, एक पाऊल ठेवलं, चटका बसला म्हणून दुसरं वरच्या पायरीवर ठेवलं, तिथेही चटका. मागे वळायला थांबावं लागलं असतं आणि थांबणं तर अशक्य. "अगं आई गं, अगं आई गं," करत आई पुढे पुढे गेली, मुग्धा तिच्या मागे, तीही अनवाणी, सासूच्या मागोमाग चपला काढण्याची शिस्त म्हणून. चार महिने सात पायऱ्या न चढलेली माझी आई दोन मिनिटांत गाभाऱ्याच्या सावलीत पोचली. मी चपलांचे दोन जोड उचलून धावलो.

वर पोचलो तर आई भिंतीला पाठ लावून उभी. पायांना गार लागलं होतं आणि तिला आता खालचं दिसत होतं. चेहरा पांढराफटक. "मी नाही उतरायची," ती म्हणाली. "मला इथेच ठेवा." हे ती चेष्टेत म्हणत नव्हती. मुग्धाने समजावलं, मी समजावलं, मग मी थोडा चिडलोही, ज्याची मला अजून लाज वाटते.

काका धापा टाकत वर आले. कोणावरही रागावले नाहीत. आधी सवयीने मोजपट्टी काढून पायरीची उंची पाहिली, मग आईच्या चपला माझ्या हातातून घेऊन तिच्या पायांपुढे ठेवल्या.

"ताई, तोंड भिंतीकडे, पाठ उताराकडे. शिडीवरून उतरतो तसं. खाली बघायचं नाही. खाली मी आहे."

"तुम्ही पडलात तर?"

"मी एक पायरी खाली. पूर्ण रस्ता, एक पायरी खाली."

ते उतरू लागले. मी वरून मागोमाग, थर्मास घेऊन. आईचं लक्ष पायांवरून हटावं म्हणून असेल, काका बोलत होते. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही.

"जन्मभर लोकांचे जिने पास-नापास केले. आमच्याच घरातली चौथी पायरी बोटभर उंच होती. आमची ही, मालती, म्हणायची, इथे पाय अडतो हो. मी म्हणायचो, पाय उचलून चालत जा. उजवा पाय ताई, हां. कधी मोजली नाही मी. एक दिवस ती पडली. खुब्याचं हाड. वरची खोली तिने परत पाहिली नाही."

आई थांबली. "आणि तुम्ही?"

"ती खाली आणि मी वर झोपणार? थंडीत इकडे आणायचो तिला. ती झाडाखाली बसायची, मी वर जाऊन काय दिसलं ते येऊन सांगायचो. पलंग बदलला की तिला झोप लागायची नाही, म्हणून संध्याकाळी परत. डावा पाय. झालं, संपला जिना."

आई जमिनीवर आली तेव्हा काकांचे डोळे भरलेले होते. तिथल्या गाड्यावर पातळ पोळीत म्हातारीचे केस गुंडाळून विकतात, रंगीबेरंगी. तिने एक पोळी घेऊन काकांच्या हातात दिली आणि ते शाळकरी मुलासारखे खात बसले.

आई पुण्याला गेली. मे महिन्यात परत आली, स्वतःहून. तोवर काकांनी आमच्या जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा बसवून टाकला होता, आईच्या हाताच्या उंचीला. पैशांचं नाव काढलं तर म्हणाले, "उतरताना बोलू." पहिल्या दिवशी ते आईच्या मागे, एक पायरी खाली, वरपर्यंत आले. आई आता वर झोपते. मी सकाळी तिच्या खोलीवरून जातो तेव्हा तिच्या घोरण्याचा आवाज येतो आणि मला काकांचे पाय धरावेसे वाटतात. धरायला गेलो तर तेवढ्यात माझ्या बुटांची टाच मोजतील.

गेल्या रविवारी आईने पुरणपोळ्या केल्या आणि डबा घेऊन मला बरोबर घेतलं. काकांनी दार उघडलं. आईने डबा टेबलावर ठेवला आणि सरळ जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. चौथी पायरी कधीच दुरुस्त झालेली होती, नव्या लाकडाचा रंग वेगळा दिसत होता. त्यावर धूळ होती.

"ताई, वर काही नाहीये हो," काका म्हणाले.

"नसू दे. चला."

काका हलेनात. खिशातल्या मोजपट्टीवर हात गेला, पण ती काढली नाही त्यांनी.

"चला देवस्थळी," आई म्हणाली. "मी एक पायरी खाली आहे."

ते दोघं सावकाश वर गेले. मी खालीच थांबलो. वरून पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला.