घडी न मोडलेलं लुगडं

कापडावरचं सरकारी कंट्रोल उठलं आणि कर्जतला खाजाभाईंच्या दुकानात लुगड्यांचे ढीग लागले. पण भाव ऐकून गिऱ्हाईक पायरीवरूनच मागं फिरायला लागलं. तेव्हा खाजाभाईंनी भर बाजारात शब्द दिला, घडी मोडली नसेल तर लुगडं कधीही परत घेऊ.

या शब्दाचं सोनं केलं गोजरबाईनं. कुणाचं लग्न निघालं की ती लुगडं न्यायची, मिरवायची आणि रात्रभर गादीखाली दाबून, दुकानातल्यासारखी घडी घालून परत आणायची. डाग पडू नये म्हणून बिचारी पंगतीत अंग चोरून बसायची, आमटीला हातही लावायची नाही. निदान उलगडून तरी बघा, म्हणून खाजाभाईंची बायको रोशनबी त्यांच्या मागं लागली होती. पण खाजाभाई हट्टाला पेटले होते. बाईमाणसाचं लुगडं चारचौघांत तपासायचं नाही आणि दिला शब्द फिरवायचा नाही.

मग पाथर्डीच्या एका लग्नात घात झाला. वाढप्याचा हात हलला आणि आमटी गोजरबाईच्या हिरव्या पदरावर आली. तिनं डाग घडीच्या पोटात दडवला आणि लुगडं बिनदिक्कत परत केलं.

पुढच्याच महिन्यात तिच्या लेकीचं लग्न होतं. अक्षता पडायच्या आधी मुलाची आई रंगुबाई पोटझाकणीचं, म्हणजे मुलीच्या आईच्या मानाचं लुगडं घेऊन आली. हिरवंगार. गोजरबाईचा भाऊ आसाराम यानं ते कौतुकानं उलगडलं आणि डाग अख्ख्या मांडवानं पाहिला.

"माझ्या बहिणीला नेसलेलं लुगडं? ह्यो मान हाय व्हय?"

कोरं म्हणूनच खाजाभाईंकडून घेतलंय, असं रंगुबाई शपथेवर सांगू लागली. सगळ्या माना मांडवात बसलेल्या खाजाभाईंकडं वळल्या. त्यांनी मान खाली घातली. मुलाकडचे वऱ्हाडी माघारी जायला बैल जुंपायची भाषा करू लागले. मुंडावळ्यांआड लेकीचे डोळे भरलेले गोजरबाईनं पाहिले.

"डाग माझाच हाय," ती उभी राहून म्हणाली. "पाथर्डीला नेसून गेल्ते अन् घडी घालून परत दिलं. ह्यात खाजाभाईंचा दोष न्हाई."

खाजाभाई उठून रंगुबाईसमोर आले. "पसंत नसंल तर परत घेतो. सबूद दिलाय."

"मानाचं लुगडं परत जात न्हाई," रंगुबाई म्हणाली. "नेसा विहीणबाई. तुमच्याच अंगचं हाय."

गोजरबाई मुकाट्यानं नेसून आली. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. त्या दिवशी तिनं मांडी ठोकून दोनदा आमटी मागून घेतली. थोडी पदरावर सांडली, ती तिनं पुसलीसुद्धा नाही.