भाटकाराचं ऑपरेशन

रजेच्या अर्जावर कारणाच्या रकान्यात कृष्णनाथ गावस यांनी 'शस्त्रक्रिया' एवढंच लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. कुणाची, ते लिहिलं नाही. खोटं एक अक्षरही लिहिलेलं नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण मन काही ऐकायला तयार नव्हतं.

डिचोलीच्या त्या पतसंस्थेत हेडक्लार्क म्हणून त्यांचा जो दरारा होता, तो सगळा रजेच्या अर्जांवर उभा होता. दोन वर्षांपूर्वी, दोडामार्गहून रोज मोटारसायकलने येणाऱ्या रुद्रेशने 'गाय अडली आहे' म्हणून अर्धा दिवस मागितला होता. गावस साहेबांनी लाल शाईने शेरा मारला : 'जनावरांच्या आजारपणासाठी रजा मिळत नाही.' रुद्रेश साडेपाचला सुटला. घरी पोचला तेव्हा गाय वाचली होती, पाडी गेली होती. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर कामावर आला आणि त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. आता त्याच माणसासमोर 'मुलीच्या गिनीपिगची नसबंदी आहे' हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तनयाला मैत्रिणीने दोन गिनीपिग दिले होते, दोन्ही माद्या म्हणून. त्यातला एक दिवसभर पोट पुढे काढून नुसता खात बसायचा, म्हणून त्याचं नाव भाटकार, म्हणजे जमीनदार, ठेवलं. भाटकार बाई नाही, हे तो दुसरीच्या, म्हणजे चिमीच्या, मागे गुरगुरत फेऱ्या घालायला लागला तेव्हा घराला कळलं. चिमीची रवानगी ताबडतोब मागच्या पडवीतल्या पिंजऱ्यात झाली.

म्हापशाच्या डॉक्टरांनी ऑपरेशन चोख केलं. "उपाशी ठेवू नका, गवत लगेच द्या. नाही खाल्लं तर सिरिंजने भरवा. खाली भुसा नको, स्वच्छ टॉवेल घाला. टाके रोज बघा. आणि सहा आठवडे मादीपासून लांब."

"आता कशाला लांब? काम तर झालं ना?" कृष्णनाथांनी हळूच विचारलं.

"मोटर बंद केली तरी टाकीत पाणी उरतंच हो."

बाकावर डिचोलीचंच कुणीतरी ओळखीचं बसल्यासारखं वाटत होतं. त्यामुळे साहेबांनी मान खाली घालून 'हो हो' म्हटलं आणि टोपली छातीशी धरून पळ काढला. ती टाकी त्यांच्या डोक्यात शिरलीच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते हॉलमध्ये पालथे पडून भाटकाराला सिरिंजने भरवत होते, तोच फाटक वाजलं. त्यांच्या बायकोने, सुमंगलाबाईंनी, खिडकीतून पाहिलं. "अहो, तुमचं अख्खं ऑफिस आलंय. शहाळी घेऊन!"

"का?"

"आजाऱ्याला बघायला! लिहिलंत काय तुम्ही अर्जात?"

सांगायला वेळ नव्हता. साहेबांनी भाटकाराला उचललं, पडवीत चिमीच्या पिंजऱ्यात ठेवलं, वर चादर टाकली आणि स्वतः खाटेवर आडवे होऊन गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं.

"काही विचारत नाही हं," मॅनेजर सुलोचनाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "पुरुषांचं काही असेल तर सांगायला संकोच वाटतोच."

"साहेब, उठू नकात," रुद्रेश पुढे झाला. "गावच्या देवाक गाऱ्हाणा घातलंय तुमच्यासाठी. नारळ ठेयलंय." आणि हात जोडून त्याने खाटेजवळच पुन्हा सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आमच्या सायबांचा जा काय कापला-शिवला आसात, ता सुखरूप कर. सगळा पयल्यासारखा होऊ दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळं ऑफिस एका सुरात म्हणालं.

पांघरुणाखाली साहेबांना घाम फुटला. ज्याची पाडी आपल्या लाल शाईने मारली, तो आपल्यासाठी देवाला नारळ ठेवून आला होता. खरं सांगून टाकावं असं त्यांना फार वाटलं. पण सांगितलं नाही. शहाळं मात्र प्यायले.

त्यानंतर आठवडाभर शेजारीपाजारी येत राहिले आणि दर वेळी भाटकार चादरीखाली जात राहिला. ऑपरेशन झालेला प्राणी, तो बिचारा काय करणार, असं साहेबांचं मत होतं.

सव्वादोन महिन्यांनी एका दुपारी ऑफिसात सुमंगलाबाईंचा फोन आला. "चिमी अडलीय. सकाळपासून कळा देतेय. तनया रडून रडून हैराण झालीय. डॉक्टर म्हणतात, आत्ताच्या आत्ता आणा."

कृष्णनाथांनी अर्ज ओढला. या वेळी कारणाचा रकाना पूर्ण भरला. नियम त्यांचाच होता : रजेच्या काळात चार्ज घेणाऱ्याच्या शिफारशीशिवाय अर्ज मॅनेजरकडे जायचा नाही. चार्ज घेणारा रुद्रेश होता.

रुद्रेशने अर्ज दोनदा वाचला. "ही चिमी म्हणजे?"

"गिनीपिग."

"आणि तेव्हाची शस्त्रक्रिया?"

"तिच्या नवऱ्याची."

रुद्रेशने अर्ज टेबलावर ठेवला. "म्हणजे माझो नारळ..."

"त्यालाच लागू पडला," साहेब टेबलाकडे बघत म्हणाले. "अगदी पहिल्यासारखा झाला तो."

केबिनमध्ये सुलोचनाबाईंना जोराचा खोकला लागला. धरणीने पोटात घ्यावं, असं आयुष्यात प्रथमच साहेबांना मनापासून वाटलं. "रुद्रेश, तुझ्या गाईच्या वेळी मी..."

रुद्रेशने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. त्यांच्याच टेबलावरचं लाल पेन उचललं आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'बाळंतपण हा आजार नव्हे. रजा द्यावी.' खाली सही केली.

"त्या दिवशी माका ह्या सुचाक नाय, साहेब," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सही झाली तरी साहेब त्या लाल अक्षरांकडेच बघत राहिले. रुद्रेशने खुंटीवरचं त्यांचं हेल्मेट काढून हातात दिलं.

"बेगीन जावा. अडलेल्याकडे उशीर करू नये."