समुद्राला कानडीत काय म्हणतात

कानडी मला येते! म्हणजे गेल्या फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत तरी येत होती.

उदगीरच्या माणसाला कानडी यावीच लागते. सरहद्द इतकी जवळ, की आम्ही इकडं फोडणी दिली तर तिकडं कर्नाटकात ठसका लागतो. माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. कानडी गिऱ्हाईक आलं की मी ऐटीत ‘बर्री, बर्री, कूडरी’ म्हणतो, म्हणजे या, या, बसा. पुढं किती ताटं, किती तांबे, हे सगळं बोटांवर चालतं. खरं सांगायचं तर आमच्या घरात आजोबा कानडीतून भांडायचे, वडील कानडीतून जेवायला मागायचे आणि माझ्यापर्यंत येईतो शिव्या आणि आकडे एवढाच माल शिल्लक राहिला! पण हे मी कुणाला कशाला सांगू?

माझी बायको अंबिका भालकीची. तिचं माहेर म्हणजे अस्सल कानडी. लग्न होऊन आमच्याकडं आली आणि सहा महिन्यांत मराठी शिकली. तिची कानडी मी ऐकली ती फक्त फोनवर, तिच्या आईशी बोलताना. चार वर्षांपूर्वी आई गेली, मग तेही बंद झालं. घर जरा शांत झालं असं मला वाटलं होतं. आता आठवलं की लाज वाटते.

तर आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या शिवानीनं फोन केला. “आई, कुठं जायचंय ते सांग. तिकिटं मी काढते.”

अंबिका क्षणाचाही विचार न करता म्हणाली, “समुद्र बघायचा हाय.”

एवढंच! सोनं न्हाई, साडी न्हाई. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईनं समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला.

“नुसता समुद्र कशाला?” मी मध्ये तोंड घातलं. “आधी चिकमगळूर! कॉफीचे मळे, डोंगर, थंडी! तिथं दोन दिवस राहू आणि शेवटच्या दिवशी घाट उतरून समुद्र! भाषेची तर फिकीरच नको. मी हाय ना!”

आधी समुद्र केला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण माझ्यातला जाणकार फार जोरात होता.

चिकमगळूरच्या पुढं डोंगरात एका मळ्यावर आम्ही उतरलो. काय ती जागा! अंगणभर कॉफीची बोंडं वाळत घातलेली, आपल्याकडं तूर घालतात तशी. खालच्या उतारावर कॉफी फुललेली. पांढरीशुभ्र फुलं, आणि वास असा की कुणी डोंगरालाच मोगऱ्याचा गजरा माळलाय! अंबिका त्या झाडांत उभी राहून नुसती श्वास घेत होती.

दुपारी जेवायला बसलो. मळ्याची मालकीण स्वतः वाढत होती. गरम भात आला. त्यावर तूप पाहिजे, आणि तूप मी कानडीत मागणार! “उप्पु!” मी ठणकावून म्हणालो.

मालकिणीनं ताटात चिमूटभर मीठ वाढलं.

मला वाटलं, आधी मीठ वाढायची इथली रीत असेल. “उप्पु! जास्ति!” तिनं एक चमचा मीठ वाढलं. “जास्ति! जास्ति!” मी भाताकडं बोट दाखवलं. बिचारीनं घाबरत घाबरत आणखी दोन चमचे मीठ भातावर सोडलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुपाला तुप्प म्हणतात, उप्पु म्हणजे मीठ!

आता शहाण्या माणसानं चूक कबूल केली असती. मी तो भात खाल्ला! “आमच्याकडं असाच खातात,” असंही खुणेनं सांगितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मी गरम भातावर ढकललं.

अंबिकाला हसू आवरेना. तिनं मालकिणीला काहीतरी सांगितलं आणि तिची ती कानडी अशी सुटली, की कालव्याची दारं उघडावीत! मालकीण हसली, स्वयंपाकीण हसली, दारातला गडी हसला. मालकिणीनं ताट बदललं आणि पुढं दोन दिवस सगळं घर अंबिकाच्या भोवती. तिला फुलं, तिला कॉफी, तिला गप्पा! मी व्हरांड्यात सुटकेससारखा पडून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत आल्यावर माझा भडका उडाला. “चारचौघांत नवऱ्याला हसून राहिलीस! माझी काही इज्जत हाय का न्हाई? उद्या ड्रायव्हरशी मी बोलणार. तू कानडीचा एक शब्द काढायचा न्हाई!”

तिनं उद्याची साडी बॅगेतून काढली. मग हळू आवाजात म्हणाली, “बरं. न्हाई काढत. उद्या समुद्र दाखवा म्हंजे झालं.”

मळ्याचे मालक तिसऱ्या दिवशी सकाळी लग्नाला जाणार होते. त्यांनी हिंदीत विचारलं, “ड्रायव्हरला मी सांगून ठेवू का?” मी हात झटकला. “छे छे! मीच सांगतो!” आणि सांगायचं तर साधं कशाला? समुद्राला शुद्ध कानडीत काय म्हणतात ते मी फोनवर शोधलं. शब्द सापडला: कडलु. तो घोकत घोकत झोपलो.

हिशोब असा होता. सकाळी सहाला निघायचं, दहाला समुद्र, दोन तास पाणी, संध्याकाळपर्यंत परत चिकमगळूर आणि तिथून सातची बंगळूरची बस. दुसऱ्या दिवशी बंगळूरहून बिदरची गाडी. सगळी तिकिटं काढलेली.

ड्रायव्हर नागप्पा साठीचा, मिशाळ, आणि कानडीशिवाय दुसरी भाषा न जाणणारा. अंबिका आत बॅगा आवरत होती. मी छाती काढून म्हणालो, “कडले नोडबेकु!” म्हणजे कडले बघायचंय.

त्यानं भुवया उंचावल्या. “कडले?”

“हौदु! कडले! दोड्डदु!” हो, मोठ्ठं! मी दोन्ही हात पसरून दाखवलं.

“व्यापार?” त्यानं विचारलं.

मला वाटलं, माझा धंदा विचारतोय. “हौदु, व्यापार!” मी मिशीवरून हात फिरवला. नागप्पानं एकदम अदबीनं दार उघडलं. बघा, भाषा आली की मान कसा मिळतो!

गाडी निघाली. अंबिका नवी निळी साडी नेसली होती. पिशवीत टॉवेल आणि शंख-शिंपले आणायला दोन रिकामे डबे.

तासाभरानं ती म्हणाली, “ओ, सूर्य समोर हाय.”

“मग?”

“समुद्र पश्चिमेला असतो ना?”

“घाटात रस्ता वळतो! सूर्य बघून गाडी चालवतात का?”

आणखी थोड्या वेळानं ती म्हणाली, “ओ, डोंगर संपून राहिले. कॉफी दिसंना.”

“समुद्राजवळ जमीन सपाटच असणार की!”

मग ज्वारीची कापलेली रानं आली. काळी माती आली. बैलगाडीतून कडबा चालला होता. अंबिका म्हणाली, “हे तर आपल्या निलंग्याच्या वाटंसारखं दिसतंय. मी विचारू का एकदा त्यांना?”

मी नुसतं डोळे वटारून बघितलं. तिनं ओठ मिटले आणि खिडकीबाहेर बघत बसली. ते मिटलेले ओठ माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाहीत.

साडेनऊला गाडी एका मोठ्या फाटकातून आत शिरली आणि थांबली. “कडले!” नागप्पानं अभिमानानं जाहीर केलं. “दोड्डदु!”

मी उतरलो. समोर बाजार समिती! नजर जाईल तिथवर हरभरा! पिवळे ढीग, पोत्यांच्या थप्प्या, हमाल, वजनकाटे, धुरळा! माझ्या दुकानासमोर उदगीरच्या मोंढ्यात त्या वेळी हेच ढीग लागलेले होते. ते सोडून एवढा मोठा प्रवास करून मी बायकोला हरभरा दाखवायला आणलं होतं!

तोवर नागप्पानं बोभाटा केलेला. महाराष्ट्रातला बडा खरेदीदार आलाय! चौघांनी मला घेरलं. कुणी ओंजळीत हरभरा ओतला, कुणी दाताखाली धरून बघा म्हणालं. आणि मी काय केलं असेल? मी दाणा चावला! मान डोलावली! वर “ओल जरा जास्त हाय,” असं मराठीत म्हणालोसुद्धा!

मागं अंबिका उभी होती. निळी साडी, हातात टॉवेलची पिशवी.

“समुद्र कुठं हाय ओ?” तिनं विचारलं.

माझ्या तोंडातला दाणा तोंडातच राहिला.

“सकाळी काय सांगितलं होतं त्यांना?”

“कडले.”

तिनं डोळे मिटले. “कडलु म्हंजे समुद्र. कडले म्हंजे हरभरा.” मग म्हणाली, “नुसतं समुद्र म्हणला असता तरी कळलं असतं. कानडीत पण समुद्रच म्हणतात.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही, ओरडली नाही. पिशवी मांडीवर घेऊन एका पोत्यावर बसली. मी नागप्पाकडं धावलो, हातानं लाटा काढून दाखवल्या, पोहून दाखवलं! सगळा मोंढा बघत होता. शेवटी अंबिकानंच त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. नागप्पानं कपाळावर हात मारला. समुद्र आता उलट्या दिशेला, सात तासांवर! बस चुकणार, गाडी चुकणार.

“चुकू दे!” मी म्हणालो. “तिकिटं गेली खड्ड्यात! चल!”

“नको,” ती म्हणाली. “आता घरी जाऊ.”

जवळच्याच अडत दुकानात गादीवर सिद्धम्मा नावाची बाई बसली होती. साठीची, कपाळभर विभूती, नवऱ्यामागं एकटीनं दुकान चालवणारी. तिनं सगळं ऐकलं होतं. सगळा मोंढा हसत होता तेव्हा ती हसली नाही. उठून आली आणि अंबिकाचा हात धरून तिला दुकानामागच्या घरात घेऊन गेली. मी पाठोपाठ.

तिथं आम्ही जेवलो. दोघी बोलत होत्या. अंबिका आधी थोडं, मग भरभर, मग हात हलवून, मग हसून! मध्येच डोळे पुसत होती आणि पुन्हा बोलत होती. आईविषयी असावं, कारण ‘अव्वा, अव्वा’ येत होतं. दोन तास! माझ्याशी पंचवीस वर्षांत ती सलग दहा मिनिटं तरी अशी बोलली होती का? मी भिंतीला टेकून ताक पीत बसलो होतो आणि माझ्या स्वतःच्या बायकोचा एक शब्द मला कळत नव्हता.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, “माझं चुकलं.”

“हाव,” ती म्हणाली. “झोपा आता.”

उदगीरला आल्यावर रोज चारला सिद्धम्माचा फोन यायला लागला. घरात पुन्हा कानडी सुरू झाली. उन्हाळ्यात मी म्हणालो, “दिवाळीनंतर आपण नक्की समुद्राला जाऊ. थेट!”

“आमचं ठरलं,” अंबिका म्हणाली. “सिद्धम्मानंबी समुद्र बघितला न्हाई. आम्ही दोघी जाऊन येतो. तुमचं दुकान हाय ना, लग्नसराई येतीया.”

दिवाळी झाली. त्या गेल्या. चौथ्या दिवशी तिनं मला एक व्हिडिओ पाठवला. अंबिका गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी, साडी खोचलेली, केस उडताहेत. मोबाईलकडं बघून ती कानडीत बोलतेय. चांगलं दीड मिनिट! त्यात ‘यजमानरु’ हा शब्द तीनदा येतो. एवढं मला कळतं, यजमानरु म्हणजे मी. पण तिसऱ्यांदा तो शब्द घेऊन ती काहीतरी सांगायला लागते, सिद्धम्माचं हसू ऐकू येतं आणि लाट येऊन बाकीचं गिळून टाकते. मी तो व्हिडिओ तीसेक वेळा तरी पाहिलाय.

ती घरी आल्यावर मी विचारलं, “एवढं काय बोललीस गं त्यात?”

“काही न्हाई. समुद्र मोठा हाय म्हणाले मी.”

“दीड मिनिट?”

“लई मोठा हाय ओ,” ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.