शीड, शीट आणि भाऊसाहेब

भाऊसाहेबांनी होडी घ्यायची ठरवली ती मुलाच्या एका वाक्यामुळे. "तिकडे येऊन करायचं काय, बाबा?" असं तो फोनवर सहज म्हणून गेला. दुसऱ्या कुणी नुसता सुस्कारा सोडला असता. पण भाऊसाहेबांचा सगळा जन्म हेडक्लार्कीत गेलेला. प्रश्न आला की त्याला उत्तर गेलंच पाहिजे! रस्त्याच्या टोकाला तलाव होता, आणि पोरगा लहानपणी बादलीतसुद्धा होड्या सोडायचा. झालं! आठवडाभरात अंगणात एक जुनी कॅटामरान येऊन पडली. म्हणजे शेजारी शेजारी दोन निमुळत्या होड्या, त्यांना जोडणारे दोन दांडे, मध्ये बसायला ताणलेली जाळी आणि खाली ढकलत न्यायला चाकं. दोघांनी बसायची होडी. (एकट्यासाठीही मिळत होती. ती त्यांनी बघितलीसुद्धा नाही.)

"जोडून ठेवा, बाबा. रविवारी आलो की थेट पाण्यात," मुलगा म्हणाला.

बायको गेल्यापासून त्या घरात काही जोडलं गेलं नव्हतं. एका कपाचा चहा, एका माणसाची भाजी, आणि सोबतीला मोठ्या आवाजात टीव्ही. भाऊसाहेब फार एकटे पडले होते, आणि हे सांगायचं तर ऐकायलाही कुणी नव्हतं. त्यांनी उत्साहाने पाने हातात घेतले.

होडीच्या जुन्या मालकाने फोनवर पढवलं, "डोलकाठी उभी करायला दोघं लागतात. एकाने धरायची, दुसऱ्याने पुढची तार अडकवायची. आणि मुख्य म्हणजे शीट कधी बांधायची नाही. हातात धरायची. वारा वाढला की सोडून द्यायची."

भाऊसाहेबांचा डावा कान जरा आळशी.

"शीड ना?"

"हो हो, शीट!"

"मग 'बांधायची' काय म्हणता? शीड नपुंसकलिंगी आहे. 'बांधायचं नाही' म्हणा."

"लिंगाचं काय घेऊन बसलात राव? धरा म्हणजे झालं!"

(शीट म्हणजे शिडाला आवरणारा दोर, हे भाऊसाहेबांना कोण सांगणार? त्यांच्या लेखी शीट म्हणजे टाइप करायचा कागद.)

शनिवारी सकाळी त्यांनी डोलकाठी उभी केली. एकट्याने! छाती फुगली, आणि लगेच ध्यानात आलं की तार अडकवायची खीळ पायरीवरच राहिली आहे. काठी सोडावी तर ती घराच्या कौलांवर, धरून राहावं तर खीळ तिथेच. भाऊसाहेब काठीला मिठी मारून उभे राहिले. ऊन चढलं. हाक मारावी तर कुणाला? सवयीने तोंडातून "अगं ए" निघून गेलं, आणि त्यांनी काठी आणखी घट्ट धरली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आठवडाभर ज्याची वाट पाहिली तोच फोन! वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला.

"अहो, तो फोन घ्या, नाहीतर बंद तरी करा!" कुंपणापलीकडून बाई ओरडल्या. बाई म्हणजे शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्याच राहत, आणि भाऊसाहेबांशी आजवर फक्त टीव्हीच्या आवाजाबद्दल बोलल्या होत्या.

"हात मोकळे नाहीत!"

"काय धरलंय एवढं?"

"डोलकाठी!"

बाई फाटकातून आल्या, भाऊसाहेबांच्या शर्टाच्या खिशातून फोन काढला आणि त्यांच्या कानाला लावला.

"बाबा, या रविवारी नाही जमत. पुढच्या नक्की."

"बरं, बरं. काही घाई नाही," भाऊसाहेब म्हणाले.

बाईंनी सगळं ऐकलं. (मुख्याध्यापिकाच त्या.) त्यांनी खीळ आणून तार अडकवली. "आता शीडही चढवून टाका. अर्धवट काम मला खपत नाही."

शीड चढलं. जाळीवर उभं राहून भाऊसाहेबांनी सूचना तंतोतंत पाळली: शीड हातात धरलं, आणि शिडाला लोंबणारा तो दोर दांड्याला करकचून बांधला. फायलींना ते जी गाठ मारत ती कचेरीत नावाजलेली होती. साहेबांनाही सुटत नसे. (बरीच प्रकरणं त्यामुळेच निकालात निघाली नव्हती.)

वारा आला. शीड हातातून निसटलं, टरारून फुगलं, आणि होडी भाऊसाहेबांना घेऊन अंगणातून निघाली.

"सोडा! सोडा!"

"सोडलं! केव्हाच सोडलं!"

"अहो, दोर सोडा!"

"तो सुटत नाही!"

होडीने कुंपण पाडलं, बाईंच्या कुंड्या आडव्या केल्या, आणि वाळत घातलेल्या चादरी दोरीसकट अंगावर घेऊन ती भिंतीला टेकली. भाऊसाहेब चादरीखालून बाहेर आले ते कान पकडूनच. पण बाई पदराने डोळे पुसत हसत होत्या.

"फार दिवसांनी हसले हो," त्या म्हणाल्या. "पण माझ्या दोरीचं काय?"

रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. "झाली का जोडून? अरे वा! पण बाबा, शीड असं फुलाफुलांचं कसं?"

"शीड नाही रे. शीट. बेडशीट."

डोलकाठीच्या तारांवर बाईंच्या चादरी वाळत होत्या, आणि जाळीवर दोन कप चहा ठेवला होता. (दोघांच्या चहाचं माप भाऊसाहेब विसरले होते. साखर एकापुरतीच पडली होती.)

मुलगा पोट धरून हसला. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो, बाबा. अगदी नक्की. होडी पाण्यात घालू."

एवढं ऐकण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप केला होता. भाऊसाहेबांनी फोन जवळ घेतला. ते "ये रे बाळा" म्हणणार, एवढ्यात चादरीमागून चिमटे लावता लावता बाईंचा आवाज आला,

"त्याला सांगा, पुढच्या रविवारी पडदे आहेत."