दोन गाद्यांचा संगणक आणि खालच्या आळीचा नकाशा

श्रीगजवदनास नमन, ग्रामदेवीस नमन, तिचे देऊळ पाण्याखाली गेले तरी नमन. शके १९४०, विलंबीनाम संवत्सरी, धरणाच्या पोटात गेलेल्या एका राज्याचे वर्तमान लिहितो. घडले तेच लिहितो. कोणास झोंबले तर झोंबो.

राज्य म्हणजे दोन आळ्या. वरच्या आळीस घरोघर उतारे आणि दगडी जोती. खालच्या आळीस कुडाच्या भिंती आणि सरकारदप्तरी नावच नाही. पिढ्यान्पिढ्या खालच्यांनी वरच्यांची मेलेली गुरे ओढिली, परंतु कागदी ते जन्मलेच नव्हते. मग धरणाचा हुकूम आला आणि ज्यास आपले घर दाखविता येईल त्यास नव्या गावठाणी जागा, ऐसे ठरले. तेव्हा राज्याने समिती उभी केली आणि तात्या धुमाळ यांस मुख्य केले, आणि नकाशाचे काम वैजयंता ढमाले इजकडे सोपविले. ही वरच्या आळीची सून, संगणकाचे शिक्षण झालेली. वरच्या आळीचा नकाशा आधी झाला आणि आधीच सरकारात गेला, हे सांगावयास नकोच. मग ती मोबाईल घेऊन खालच्या आळीत उतरली आणि घराघराच्या कोपऱ्यांवर उभी राहून उपग्रहावरून जागेच्या खुणा घेऊ लागली. ठकूबाई म्हणून तेथील एक विधवा पुढे चाले आणि म्हणे, "वैनी, हितं माझी चूल. हितं म्हस बांधायची. म्हस मेली, पर जागा हाय न्हवं? घ्या तिलाबी." आणि वैजयंता म्हशीचीही जागा घेई, आणि खुणा संगणकात उतरवून मोबाईल रिकामा करी, कारण त्या गरीब मोबाईलात दुसऱ्या दिवसास जागा उरत नसे.

आता संगणक राज्यात एकच, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, आणि त्याजवर यंत्र चालविणाऱ्या जुन्या प्रणालीची गादी. सरकारी अर्ज त्या गादीखेरीज उघडत नसे. परंतु नकाशा काढू जाता जुने महाराज धापा टाकीत आणि मध्येच बेशुद्ध होत. नकाशाचे काम नव्या प्रणालीवर झरझर चाले, आणि ती फुकट मिळे. तेव्हा वैजयंतेने आपला दीर उद्धव यास शहरातून बोलाविले, आणि माडीवर खलबत बसले.

तात्या बोलिले, "सूनबाई, जुन्याला गादीवरून उठवायचं नाही. आपले समदे अर्ज त्याच्यापाशी हायत."

"उठवत नाही तात्या. थोडा मुलूख मागते फक्त."

"आणि दोघं भांडले म्हंजे? एका म्यानात दोन तलवारी कुठं ऱ्हातात?"

उद्धव हसून म्हणाला, "एका वेळी एकच बाहेर येते तात्या. दुसरी म्यानात."

मग तह जाहला. उद्धवाने जुन्या महाराजांचा डिस्कवरील मुलूख आखडून त्यांस निम्म्यावर आणिले आणि पेनड्राइव्हमधून नवे महाराज उतरवून त्यांची गादी शेजारी मांडिली. उरला तुकडा सामाईक राखिला की नकाशे तेथे असावे आणि दोघांसही दिसावे. आणि वेशीवर चोपदार उभा केला. संगणक सुरू होताच तो दोन नावे पुढे करून विचारी की आज कोण बसणार, आणि ज्याचे नाव निवडावे तो गादीवर येई. उद्धव निघताना बजावून गेला, "एकाला पुरतं बंद केल्याशिवाय दुसऱ्याला बसवायचं नाही. आणि नकाशाची एक प्रत दुसरीकडं ठेवा."

तात्या म्हणाले, "प्रत म्हंजे फितुरी. उद्या कुण्या पुढाऱ्याच्या हाती लागली तर? एकच असू दे, माझ्या नजरेखाली." वैजयंतेने दुसरी प्रत केली नाही. सासरे समितीत होते आणि तात्या सासऱ्यांचे स्नेही होते. राज्ये ऐशीच बुडतात.

आणि बंद करण्याचे म्हणाल तर त्या गावी तो शब्दच कोणी उच्चारीत नसे. दुकान वाढवावे, दिवा शांत करावा, बंद म्हणू नये, ऐसा वडिलांचा दंडक. त्यात त्या वर्षी सरकारने शाळा बंद केली, एसटी बंद केली, दवाखाना बंद केला आणि जो तो तोच शब्द घेऊन दारी येई. तात्या अर्ज लिहून उठत तेव्हा पडद्यावर दोन आज्ञा दिसत. एक बंद करण्याची, दुसरी निजविण्याची. त्यांचे बोट पहिलीवर जाऊन माघारी येई. मग ते मनाशी म्हणत, समितीचं घर मी माझ्या हातानं बंद करू? आणि निजवीत. संगणकाचे दिवे विझत, यंत्र थंड पडे. वैजयंता येऊन पाही तो सर्व शांत. तिजला वाटे महाराज रीतीने उठून गेले. मग ती नव्यांस बसवी आणि कामास लागे.

परंतु निजलेला राजा गेलेला नसतो. तो झोपते वेळचा मुलूख उराशी धरून निजतो. पुढे श्रावणात पाणी चढले आणि खालची आळी बुडाली, आणि ठकूबाई वगैरे मंडळी माळावर पत्र्याखाली गेली. त्या आठवड्यात सुनावणी जवळ आली म्हणून तात्या रोज जुन्यांस उठवून अर्ज लिहीत आणि निजवीत, आणि मागाहून वैजयंता नव्यांच्या अमलात तुकडे जोडून अखेरचा नकाशा पुरा करी. झाला तो नव्यांच्या मुलखातून उचलून सामाईक मुलखात ठेविला आणि सुटे तुकडे काढून टाकिले. सकाळी तात्यांनी नकाशा अर्जास जोडण्याकरिता जुन्यांस जागे केले. जुने महाराज जागे होताच आपल्या ध्यानीमनीचा जुना मुलूख खरा धरून त्याचाच शिक्का सर्व सामाईकावर मारिते झाले. नवा नकाशा त्यांच्या स्मरणी नव्हता, सबब नव्हताच. जुने तुकडे स्मरणी होते, पण त्यांच्या जागी आता दुसरेच काही लिहिलेले; उघडू जाता एकही उघडेना.

वैजयंता आली, तिने पाहिले. उद्धवास फोन लाविला. त्याने एवढेच पुसले, "वहिनी, आधी बंद केला होता का?" तिने तात्यांकडे पाहिले. तात्या खिडकीतून पाण्याकडे पाहत होते.

"निजवला व्हता," तात्या म्हणाले. "रोजच निजवतो."

"अहो तात्या, मग मला एका शब्दानं सांगायचं ना!"

"तू तरी इचारलंस का?" आणि मग हलकेच, "सूनबाई, खाली सांगू नगंस. सरकारनं नकाशा नामंजूर केला म्हणू. सरकारला शिव्या द्यायची सवय हाय त्यांना."

ती उठली आणि माळावर गेली आणि पत्र्याखाली सर्वांदेखत खरे ते सांगितले, स्वतःचे न विचारणेही सांगितले. ठकूबाई म्हणाली, "मग परत मापा की. येते म्या, दावते." आणि लागलीच पाण्याकडे नजर गेली आणि तिचे तिलाच कळले.

सुनावणीस पुनर्वसनाचे साहेब आले. ठकूबाई उभी राहून म्हणाली, "सायेब, माझी चूल व्हती तितं." साहेब म्हणाले, "असेल बाई. दाखवा." तात्या वरच्या आळीच्या अर्जांवर सह्या करीत होते, त्यांनी मान वर केली नाही. वैजयंता उठून बोलली, साहेबांनी ऐकून घेतले आणि पुढचे नाव पुकारिले.

वरच्या आळीस नव्या गावठाणी जागा मिळाल्या. कार्तिकात ढमाल्यांच्या घराचा पाया निघाला आणि मजुरीस माळावरची माणसे आली, त्यांत ठकूबाई. ती पदर खोचून, हाती चुन्याची फक्की घेऊन आखणीवर उभी राहिली आणि म्हणाली, "वैनी, चूल कुठं यायची? दावा, म्हंजे तेवढं सोडून खणते." वैजयंतेस हात उचलून जागा दाखविता येईना. शेवटी सासऱ्यांनी दाखविली.

येणेप्रमाणे एक राज्य बुडाले. पाण्याने निम्मे बुडविले, उरलेले एकमेकांस न विचारणाऱ्या शहाण्यांनी. खालची आळी कोणत्याही नकाशात नाही. येथे लिहिली आहे, तेवढीच.