पयले नीयत सांगा

वकीलचाचांकडे वाटी घेऊन गेलं की ती वाटी आधी दारातच अडते. झाकण न उघडता ते आपल्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "पयले नीयत सांगा."

नीयत म्हणजे मनातला हेतू. मी तेल्हाऱ्याला मास्तर होतो. निवृत्त झाल्यावर अकोल्यात घर घेतलं, ते नेमकं चाचांच्या भिंतीला लागून. पहिल्याच दिवशी बायको त्यांच्याकडे गोळाभात घेऊन गेली. प्रश्न ऐकून ती गडबडली आणि खरं तेच बोलली, "जास्तीचा झाला जी. फेकाले जिवावर आलं."

"सच्ची नीयत! द्या," चाचा खूश.

त्याच आठवड्यात निवडणुकीला उभं राहू पाहणारे एक गृहस्थ पेढे घेऊन आले आणि "सहज आलो" म्हणाले. ते पेढ्यांसकट परत गेले.

चाचा आता ऐंशीच्या घरात. आयुष्यभर मुसलमानी कायद्याची वकिली केली. निकाह, तलाक, वारसाहक्क. बायको वारली, मुलगी हैदराबादेत. "उमरभर एक खोटा दावा लावला नाई," हे वाक्य नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकावंच लागतं.

त्यांची खरी उलटतपासणी चालते ती टीव्हीसमोर. कुठे लढाई झाली, मोठ्या देशाचं विमान मदत घेऊन उतरलं, की चाचा आवाज बंद करतात.

"भाषन नोका आयकू, मास्तर. पिठाच्या पोत्यामांगं कोन उतरून राह्यलं, थे पाहा. डागदर का शिपाई?"

एकदा मी चिडून म्हणालो, "चाचा, उपाशी मानसाले काय करायचं नीयतीचं? त्याले पीठ पायजे!"

"त्यानं खावं ना! जीव वाचवनं पयलं, आमचा शरियतबी हेच सांगते. पन आपलं पोट भरेल हाय. इचारनं आपलं काम हाय."

मी मुकाट पोत्यांमागे कोण उतरतंय ते बघू लागलो. मास्तरकीत विद्यार्थी व्हायचा प्रसंग फार वेळा आला नव्हता.

शांतता समितीतही तेच. सणांआधी पोलीस ठाण्यात चहा-बिस्किटांवर बैठक होते. तिथे त्यांनी साहेबांनाच विचारलं, "शांतता पायजे, का शांततेचा फोटो?" साहेब हसले, पण एरवी आधीच निघणारा फोटो त्या वर्षी बैठकीच्या शेवटी काढला.

मग मागच्या वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाला दगडफेक झाली आणि संचारबंदी लागली. आमच्या गल्लीत दूध उशिरा आलं, याहून जास्त काही घडलं नाही. पण पुण्यात आमच्या संदीपने टीव्हीवर जळती गाडी पाहिली. बंदी उठताच तो कारने आला, सोबत दलालही.

"बाबा, इथे काही खरं नाही. घर विकून टाकू. तुम्ही दोघं पुण्याला चला."

म्हातारपणी मुलगा न्यायला आला की नाही म्हणायची भीतीच वाटते. पण घर गेलं तर परतीची वाट संपली, हेही कळत होतं. बायको नुसती पदराशी चाळा करत होती.

चाचा तिथेच चहा पीत होते. 'विकून टाकू' कानावर पडताच ते बशीसकट ताडकन उभे राहिले.

"मी शुफ्याचा हक मांगतो! वैनी, तुमी गवाह. दलालसाहेब, तुमीबी!"

अर्धा चहा दलालाच्या पँटवर गेला. शुफा म्हणजे शेजाऱ्याचा हक्क: बाजूच्या घराचा सौदा झाला तर ते आधी आपण घ्यायचं, परका माणूस शेजारी येऊ नये म्हणून. खबर लागताच त्याच पावली तोंडाने मागावा लागतो; बसून विचार केला की गेला. दलाल डाग झटकत "नंतर येतो" म्हणाला तो आलाच नाही.

चाचा संदीपकडे वळले. "बेटा, तू मायबापाले वाचवाले आला. शाबास. नीयत सांग."

"आईबाबांची काळजी."

"अजून?"

"इथलं वातावरण, चाचा."

"अजून?"

संदीपची मान खाली गेली. "परीला पाळणाघरात ठेवतो. आम्ही दोघंही नोकरीला. ती रोज रडते. वाटलं, आजी असती तर..."

बायकोचे डोळे भरून आले. चाचांनी संदीपच्या पाठीवर हात ठेवला. "हे सच्ची नीयत. हिच्यात लाज कायची? फोनवर सांगतलं असतं त आजी रेल्वेत बसली असती. त्याच्यासाठी शहर काहून जाळा लागते?"

संदीप रडता रडता हसला. घर ठेवायचं ठरलं. परी शाळेत जाईपर्यंत आम्ही पुण्याला राहायचं, मग परत यायचं, आणि किल्ली चाचांकडे.

संध्याकाळी मी किल्ली द्यायला गेलो. "चाचा, हक मांगतला खरा, पन घर घेता आलं असतं तुमाले?"

"घेता कायचं? दावाच खोटा होता," ते हळूच म्हणाले. "एक त सौदा झालाच नोता. दुसरं, इकनारा मुसलमान नाई, तुमाले हा कायदा लागूच नाई. मले सारं ठाऊक होतं."

"मंग काहून?"

ते भिंतीकडे बघत राहिले. "बंदीच्या पयल्या सकाळी भेव वाटून राह्यलं होतं, मास्तर. मंग भिंतीच्या तिकून तुमच्या कुकरची शिट्टी आली. म्हनलं, हायेत. तवा कुठं चहा ठेवला."

त्या सकाळी मीही खिडकीशी उभा राहून त्यांच्या खोकल्याची वाट पाहत होतो. तेही त्यांना सांगून टाकलं.

निघायच्या दिवशी गाडी दाराशी लागली आणि चाचा डबा घेऊन आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडून काही आलं होतं. मी झाकण उघडलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"पयले नीयत सांगा."

चाचांनी चष्मा काढून पुसला. "मतलबी हाय, मास्तर. डबा वापस कराले तरी तुमी यावं."

"कबूल," मी म्हणालो आणि डबा घेतला.