बंद केला, चालू केला

बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करणारी माणसं पुष्कळ असतात. चांगली चाललेली वस्तू दुरुस्त करायला मात्र माझ्यासारखा एखादाच लागतो.

त्या शनिवारी सकाळी आठ वाजता, चहाचा कप हातात असताना, मी ठरवलं की लॅपटॉप अपडेट करून ठेवावा. बस, एवढंच. बायको म्हणाली, "चालतोय ना? मग कशाला नसती उठाठेव?" मी म्हणालो, "अगं, आजच्या दिवशी आयत्या वेळी दगा द्यायला नको." (दगा कोण देणार होतं, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.)

कारण त्या दिवशी अकरा वाजता धाकटीचं व्याख्यान होतं. धाकटी म्हणजे माझी मेहुणी. दूरच्या शहरात इंजिनियर आहे, पुलांच्या बोल्टांवर संशोधन करते. मोठ्या सभागृहात तिचं हे पहिलंच व्याख्यान, आणि आम्ही ते घरी बसून लॅपटॉपवर बघणार होतो. पण खरे श्रोते आम्ही नव्हेच. खरे श्रोते म्हणजे माझे सासरे.

बाबा पस्तीस वर्षं पुलांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन होते. बोल्टवर हातोडी मारायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायचं, आवळलाय की सैल आहे. त्याच कारखान्याच्या दणदणाटात त्यांचे कान गेले. सहा वर्षांपासून ते आमच्याकडे राहतात आणि कोणी काहीही बोललं की हसून "हो हो" म्हणतात. आवाजावरून बोल्ट ओळखायचा नेमका तोच उद्योग धाकटीनं यंत्राला शिकवला होता. व्याख्यानात ती दोन बोल्टांचे आवाज ऐकवणार होती. तिनं मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, "भावजी, सभागृह झोपलं तरी चालेल, पण ते दोन आवाज बाबांना ऐकू आले पाहिजेत. एवढं कराच."

लॅपटॉपच्या स्पीकरमधून बाबांना नुसती गुणगुण ऐकू येते. म्हणून नवीन श्रवणयंत्र आणलं होतं, ब्लूटूथवालं. लॅपटॉपला जोडलं की आवाज थेट कानात. दुकानात जोडून पाहिलं तेव्हा बाबा दचकून मागे वळून बघायला लागले, कोण बोललं म्हणून. घरी आल्यावर त्यांनी ते डबीत ठेवून दिलं. "आता धाकटीच्याच दिवशी घालीन," म्हणाले.

तर, अपडेट पाऊण तासात संपलं. मी मोठ्या ऐटीत पडद्याचा कोपरा उघडला आणि तिथूनच बायकोला हाक मारली.

"अगं, ब्लूटूथ गेलं!"

"कुठे गेलं?"

"कुठे काय? कालपर्यंत इथे वायफायच्या शेजारी राहत होतं. वायफाय आहे, शेजारी गायब!"

"बंद झालं असेल. चालू करा."

"अगं, बंद-चालू करायचं बटणच नाहीये, तर चालू काय करू? माझं डोकं?"

एवढ्यात बाबा बाहेर आले. आमचे चेहरे बघून त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "ब्लूटूथ! टूथ गेलं, टूथ!"

"दात? अरेरे. कधी पडला?"

"माझा नाही! लॅपटॉपचा!"

"हो हो," बाबा म्हणाले आणि आत गेले. पाच मिनिटांनी माझ्यापुढे कोमट मिठाच्या पाण्याचा पेला आला. "चुळा भरा, जावईबुवा. दुखणं अंगावर काढू नये." त्यांच्या समाधानासाठी मी चुळा भरल्या. (ब्लूटूथला फरक पडला नाही. हिरड्यांना बरं वाटलं.)

मग मी आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्याला आम्ही रिस्टार्टभाऊ म्हणतो, कारण प्रिंटर अडो नाहीतर पंखा, त्याचं उत्तर एकच.

"वायफाय चालतंय?"

"चालतंय? धावतंय!"

"मग ब्लूटूथ आतल्या आत कुठेतरी अडकलंय. पूर्ण बंद करा आणि चालू करा."

मी लॅपटॉप बंद केला. चालू केला. "केलं."

"इतक्यात?"

"आमचा लॅपटॉप फार चपळ आहे हो."

"आलं का?"

"नाही."

"परत करा. बंद केल्यावर दहा आकडे मोजा."

मी बंद केला, दहा आकडे मोजले, चालू केला. काही नाही. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग त्यानं मला डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावला. लॅपटॉपच्या पोटात जे जे काही आहे, त्या सगळ्यांची तिथे हजेरी असते. मी वर्गशिक्षकासारखी नावं वाचत गेलो. कीबोर्ड हजर. कॅमेरा हजर. बॅटरी हजर. ब्लूटूथ?

"गैरहजर," मी म्हणालो.

रिस्टार्टभाऊ म्हणाला, "मग अवघड आहे साहेब. सोमवारी दुकानात दाखवा."

सोमवारी! घड्याळात साडेदहा वाजत होते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, श्रवणयंत्राची डबी दोन्ही हातांत धरून खुर्चीत येऊन बसले होते. बायको म्हणाली, "माझ्या फोनला जोडू." जोडलं असतंही, पण बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. त्या तळहाताएवढ्या पडद्यावर त्यांना लेक मुंगीएवढीही दिसली नसती. "आवाज तरी ऐकतील," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघायचं तिनं टाळलं. ती ओरडली असती तर परवडलं असतं. खरं सांगतो, मला स्वतःचा इतका राग आला होता की रडूच यायचं बाकी होतं. धाकटीनं आयुष्यात एकच काम सांगितलं होतं, आणि मी त्याची माती केली होती.

हताश होऊन मी लॅपटॉप पुन्हा एकदा बंद केला.

"काय करताय?" बाबांनी विचारलं.

"बंद करतोय!" मी हातवारे करून ओरडलो.

बाबा उठले. वाकून त्यांनी लॅपटॉपच्या कडेकडे पाहिलं. तिथे एक बारीक पांढरा दिवा लुकलुकत होता.

"हे बंद?" ते म्हणाले, आणि तो आवाज मी सहा वर्षांत कधी ऐकला नव्हता. तो फोरमनचा आवाज होता. "दिवा जळतोय! याला झाकण लावणं म्हणतात. डब्याला लावतात तसं. यंत्र बंद म्हणजे वायर बाहेर आणि दिवा विझलेला. दिवा जळत असताना यंत्राला बंद म्हणणाऱ्याला मी गेटबाहेर उभा करायचो."

बंद म्हणजे मी आपलं दार बंद करतात तसं समजत होतो! बाबांनी तोवर चार्जरची वायर उपटली होती. "बटण कुठलं? दाबून धरा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

मी धरलं. दिवा विझला. "सोडू?"

"धरा!"

बाबा मनगटावरच्या घड्याळात बघत होते. माझं बोट पांढरं पडलं. पुरतं एक मिनिट झाल्यावर बाबा म्हणाले, "सोडा. आता चालू करा."

काळा पडदा. मग उजेड. मग कोपरा. आणि तिथे, वायफायच्या शेजारी, जणू काही झालंच नाही अशा थाटात, ब्लूटूथ!

मी अशी आरोळी ठोकली की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. रिस्टार्टभाऊला फोन केला. तो चक्रावला. "साहेब, याआधी पूर्ण बंद कधी केला होता?"

मी आठवून पाहिलं. "खोक्यातून काढला तेव्हा बंदच होता."

अकराला पाच मिनिटं कमी असताना यंत्र बाबांच्या कानात गेलं आणि लॅपटॉपला जोडलं गेलं. स्पीकर मुका झाला. धाकटी काय बोलत होती ते आम्हाला पडद्यावरच्या अक्षरांवरून कळत होतं, ऐकू येत होतं फक्त बाबांना. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. मध्येच धाकटीनं दोन बोल्ट दाखवले, दोन्हींवर हातोडी मारली आणि सभागृहाला विचारलं, यातला सैल कोणता? सभागृह नुसतं एकमेकांकडे बघत बसलं.

बाबांनी डोळे मिटले होते. "दुसरा," ते म्हणाले. "अर्धा फेरा सैल आहे."

पडद्यावर अक्षरं उमटली: दुसरा. अर्धा फेरा. यंत्राला हे ओळखायला मी चार वर्षांत शिकवलं. मला माझ्या वडिलांनी शिकवलं, आणि ते आत्ता ऐकत आहेत.

"ऐकतोय गं, ऐकतोय," बाबा पडद्याला म्हणाले. बायको रडत होती. मी तर तिच्या आधीपासूनच रडत होतो.

त्यानंतर मला कोण अडवणार? जेवताना मी सगळी कहाणी सविस्तर सांगितली. मी वेळीच संकट कसं ओळखलं, तज्ज्ञानं हात टेकले तरी मी कसा डगमगलो नाही, बटणावर बोट कुणाचं होतं, वगैरे. बाबांच्या कानात यंत्र होतंच. माझं बोलणं त्यांनी पुढे वाकून, घास हातात धरून, वीस मिनिटं ऐकलं. एकदाही "हो हो" नाही! माझी छाती फुगली. सहा वर्षांत मला असा श्रोता मिळाला नव्हता.

मी पाणी प्यायला थांबलो, तेव्हा बाबा बायकोकडे वळले.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटायचं, जावईबुवांचं बोलणं मला ऐकू येत नाही म्हणून कळत नाही."